मार्कडाउनमधील दुवे एचटीएमएलमध्ये नीट उमटवण्यासाठी

मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मांडणी दाखवण्याच्या लेखनपद्धतीत, लिहिलेल्या मजकुराचे एचटीएमएल (वेबपानांची भाषा) केल्यावर एखादा दुवा कंसांसह साध्या मजकुरासारखाच दिसत असेल, किंवा दिसत असूनही उघडत नसेल, तर प्रथम तयार झालेली एचटीएमएल फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहावी. त्या शब्दांभोवती दुव्याचा टॅग (‘a’ ही एचटीएमएलची खूण) नसेल, तर कन्व्हर्टरला (मार्कडाउनचे एचटीएमएल करणाऱ्या प्रोग्रॅमला) दुवा ओळखताच आलेला नाही. टॅग असेल, तर दोष बहुधा पत्त्यात आहे. हे ठरल्याशिवाय सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही.

टॅग नसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे वाक्यात नुसताच टाकलेला पत्ता. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मांडलेल्या मूळ मार्कडाउनमध्ये अशा पत्त्याचा दुवा होत नाही, आणि पुढे आलेल्या कॉमनमार्क या काटेकोर नियमावलीतही होत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या मार्कडाउनमध्ये मात्र तो आपोआप होतो, त्यामुळे तिथे व्यवस्थित दिसणारी फाइल दुसऱ्या कन्व्हर्टरमधून काढली की दुवे नाहीसे होतात. पॅनडॉक या कन्व्हर्टरमध्ये इनपुटचा प्रकार म्हणून जीएफएम (गिटहबचे मार्कडाउन) निवडल्यास, किंवा मार्कडाउन-इट या कन्व्हर्टरमध्ये लिंकिफाय हा पर्याय चालू केल्यास हे जमते. तरीही पत्ता < आणि > या चिन्हांमध्ये लिहिणेच मला अधिक भरवशाचे वाटते, कारण ही पद्धत मूळ मार्कडाउनपासून चालत आलेली आहे. शिवाय मराठीत आपण पत्त्याला ‘वर’, ‘मध्ये’, ‘चा’ असे प्रत्यय जोडून लिहितो. गिटहबची पद्धत पत्ता मोकळ्या जागेपर्यंत वाचत असल्याने तो प्रत्ययही दुव्यात ओढला जातो आणि दुवा भलत्याच पानाकडे जातो. चिन्हांच्या आत पत्ता आणि बाहेर प्रत्यय, असे लिहिले की हा प्रश्नच उरत नाही.

शब्दांवर दुवा द्यायचा असेल, तर [शब्द](पत्ता) अशी रचना करावी, आणि चौकटी कंस मिटल्यावर साधा कंस लगेच उघडावा. मध्ये एक जागा सुटली तरी कॉमनमार्क त्याला दुवा मानत नाही. (इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर चौकटी कंसाच्या कळीवर ‘ड’ असतो, म्हणून कंसापुरता इंग्रजी कळफलक घ्यावा लागतो आणि परत येताना नेमकी ही जादा जागा पडते.) पत्त्यातच मोकळी जागा असेल, तर संपूर्ण पत्ता साध्या कंसाच्या आत < > मध्ये ठेवावा.

पत्ते फाइलच्या शेवटी एकत्र ठेवणारी [शब्द][खूण] ही पद्धत लांब लेखासाठी सोयीची आहे. मात्र तळाशी ‘[खूण]: पत्ता’ ही ओळ लिहिताना तिच्या आधी परिच्छेद असेल तर एक ओळ कोरी सोडावी लागते, नाहीतर ती त्या परिच्छेदाचाच भाग समजली जाते. चार जागा सोडून सुरू केलेली ओळ कोड ठरू शकते. उलट्या अवतरणचिन्हांमधील (`) दुवाही कोडच राहतो. डिव्हसारख्या एचटीएमएल टॅगच्या आत लिहिलेले मार्कडाउन बरेच कन्व्हर्टर जसेच्या तसे सोडून देतात. कॉमनमार्कमध्ये उघडणाऱ्या टॅगनंतर एक कोरी ओळ सोडली की काम होते. पायथन-मार्कडाउन या कन्व्हर्टरमध्ये त्यासाठी वेगळे एक्स्टेन्शन चालू करावे लागते.

टॅग असूनही दुवा चुकत असेल, तर पत्त्याची सुरुवात तपासावी. प्रोटोकॉल (‘https://’) न लिहिता केवळ ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’पासून लिहिलेला पत्ता ब्राउझर आपल्याच संकेतस्थळावरचे पान समजून शोधतो. देवनागरी अक्षरे असलेल्या पत्त्यात टक्केचिन्हांची लांबलचक रांग दिसली, तर ती चूक समजू नये: यूटीएफ-८ या अक्षरसंकेतन पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो, म्हणून ‘पुणे’ (प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हे) एवढ्याच शब्दाची ३६ चिन्हे होतात. अनेक कन्व्हर्टर हे रूपांतर स्वतःच करतात. मूळ फाइलमध्ये पत्ता वाचता येईल असा देवनागरीतच ठेवावा.