मत, ओटी आणि सदसद्विवेकबुद्धी

आमच्या चर्चमधली एक मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, संपल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "मावशी, आता ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्ये, पोस्टिंग लागणार. गर्भपाताची केस आली तर मी काय करू? आणि मत देताना तरी काय बघायचं?" दोन्ही प्रश्न तिने एका दमात विचारले, आणि ते एकत्र आले हेच मला बरोबर वाटलं. मी सोलापुरात ३१ वर्षं नर्स होते. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण हे प्रश्न तिच्या एकटीचे नाहीत.

पहिलं काम वाचनाचं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये सदसद्विवेकबुद्धीला माणसाच्या अंतरातला गाभारा म्हटलं. तिथे तो एकटा देवासमोर असतो. पण 'मला आतून असं वाटतं' म्हणजे सदसद्विवेकबुद्धी नव्हे. तिला घडवावं लागतं. त्यासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांचं मानवी जिवाच्या मोलाबद्दलचं १९९५चं परिपत्रक, 'इव्हान्जेलियम व्हिटे', हातात घ्या. सगळं जमलं नाही तर ५८, ५९, ७३, ७४ आणि ९९ एवढे परिच्छेद तरी वाचा. ५९वा घरातल्या पुरुषांना मोठ्याने वाचून दाखवा. बाईला एकटीला टाकणारा किंवा तिच्यावर दबाव आणणारा बाप, सासर-माहेरची माणसं, मित्रमंडळी, डॉक्टर, कायदे करणारे, सगळ्यांच्या जबाबदारीबद्दल तिथे स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे बोट मात्र फक्त तिच्याकडे जातं.

मग कायदा समजून घ्या. गर्भपाताचा कायदा १९७१चा, मोठी दुरुस्ती २०२१ची. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. डॉक्टरने तिचं नाव बाहेर फोडलं तर शिक्षा आहे. मला हा कायदा पटत नाही. पोटातला जीव पहिल्या क्षणापासून आपल्यातलाच एक आहे असं मी मानते. पण कायदा माहीत नसला की आपण बाईला काहीबाही सांगून घाबरवतो, आणि खोटं सांगून कुणाला वाचवता येत नाही.

हे मी शिकले ते फार वाईट रीतीने. वीसेक वर्षांपूर्वी मी एका खासगी दवाखान्यात होते. पूर्व भागातली एक बिडी कामगार बाई आली. दोन मुलींनंतर पुन्हा दिवस गेलेले, नवरा यंत्रमागावरचा आणि काम सुटून घरी बसलेला. केस पेपर लिहिता लिहिता मी तिला पाच मिनिटं सुनावलं. पाप, देवाचा कोप, सगळं. तिने एक शब्द काढला नाही. तंबाखूने पिवळी पडलेली तिची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती, बिडी वळावी तशी, पुन्हा पुन्हा. मग ती उठून गेली. नऊ दिवसांनी तिला रिक्षातून आणलं तेव्हा साडी रक्ताने भिजलेली होती. कुठल्याशा बाईकडून काडी घालून घेतली होती. ती वाचली. बाळ गेलं, पिशवीही काढावी लागली. त्या पाच मिनिटांत मी तिला एवढंसुद्धा विचारलं नव्हतं, "बाई, अडचण पैशाची आहे की माणसांची?"

आता ओटीचं. तुम्ही नर्स असाल, शिकाऊ असाल, तर केस टेबलावर आल्यावर नाही म्हणू नका. आधीच मेट्रनला, म्हणजे मुख्य नर्सला, साध्या कागदावर लेखी अर्ज द्या: माझ्या श्रद्धेमुळे मी गर्भपाताच्या प्रक्रियेत हातभार लावू शकत नाही, त्या दिवशी मला दुसरी ड्युटी द्यावी, बदल्यात रात्रपाळी करायला मी तयार आहे. एवढंच. उपदेश लिहू नका. अर्जाची पोच घ्या आणि झेरॉक्स जपून ठेवा. राज्यघटनेचं २५वं कलम सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. पण रोस्टर मेट्रनच्या हातात असतो, तेव्हा बोलणं नम्रच असावं. बदली मिळाली नाही तर काही गमवावंही लागेल, हे मी त्या मुलीपासून लपवलं नाही.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: गर्भपात झालेल्या बाईला सलाइन लावणं, तिचं ब्लीडिंग बघणं, तिला पाणी पाजणं यात कसलाही सहभाग नाही. ती पेशंट आहे. तिच्यापासून तोंड फिरवणं हे पाप आहे. आईचा जीव धोक्यात असताना तिच्या आजारावर केलेल्या उपचारात बाळ वाचू शकलं नाही, तर त्याला चर्च गर्भपात म्हणत नाही. नळीत गर्भ राहून नळी फुटायला आली तर ती नळी काढतात, तेव्हा बाजूला उभं राहून माळ ओढत बसायचं नसतं, हात धुऊन उभं राहायचं असतं. बेळगावची सविता हलप्पनवार आठवते ना? ऑक्टोबर २०१२मध्ये आयर्लंडमध्ये गेली, १७ आठवड्यांची गरोदर, गर्भ टिकणार नव्हता आणि अंगात जंतुसंसर्ग पसरत होता. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस मला झोप लागली नाही. पुढे २०१८मध्ये त्या देशाने सार्वमत घेऊन गर्भपाताचा कायदाच बदलला. श्रद्धेच्या नावाखाली बाईच्या तापाकडे दुर्लक्ष होऊ दिलं तर आपल्या शब्दावर पुन्हा कोण विश्वास ठेवील?

मताचं थोडक्यात सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर अमेरिकेतले संदेश येतात, अमुक पक्षाला मत दिलं तर मिस्साला येऊ नका अशा थाटाचे. सोलापुरात ते लागू करू नका. आपल्याकडे गर्भपाताच्या प्रश्नावर कुणी निवडणूक लढवत नाही. तरी एक फरक समजून घ्या. २००४मध्ये कार्डिनल रॅटझिंगर, जे पुढे पोप झाले, त्यांनी अमेरिकेतल्या बिशपांना कळवलं होतं: उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे म्हणूनच त्याला मत देणं म्हणजे त्या कृत्यात सामील होणं, पण ती गोष्ट मान्य नसताना, तितक्याच वजनदार दुसऱ्या कारणांसाठी मत दिलं तर ते चालू शकतं. ते वजन आपलं आपल्यालाच करावं लागतं. मत न देता घरी बसणं मात्र नको. मतदान हे चर्चच्या शिकवणीतही कर्तव्यच आहे.

नगरसेवक दारात आला की मी तीन गोष्टी विचारते. पालिकेच्या प्रसूतिगृहात रात्री डॉक्टर असतो का? कारखान्यात जाणाऱ्या बायांची पोरं ठेवायला पाळणाघर कुठे आहे? सोनोग्राफी केंद्रांची शेवटची तपासणी कधी झाली? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण विषय बदलतात.

तो सोडू नका. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८मध्ये, कायदा केला तो महाराष्ट्राने. केंद्राचा १९९४मध्ये आला. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ला ९१३ होत्या, २०११ला ८९४ झाल्या. शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७मध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. इथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कुणाचंच दुमत नाही, म्हणून नागरिक म्हणून हात घालायला ही जागा सगळ्यात मोकळी आहे. केंद्रात गर्भलिंग निदान होत नाही अशी पाटी आहे का बघा, गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद असलेला 'एफ' फॉर्म भरून घेतात का बघा. शंका आली तर समुचित प्राधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. शहरात ते महापालिकेचे आरोग्य अधिकारी, जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक. कोर्टात जाण्याचा इरादा कळवून १५ दिवसांची नोटीस दिली आणि तरी काही हललं नाही, तर सामान्य माणूस स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो. "पण सूनच अडकेल" अशी भीती लोक घालतात. बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असंच कायदा आधी धरून चालतो.

शेवटी ती बाई, जी अडचणीत आहे आणि गर्भपाताचा विचार करतेय. तिच्या घरी जा, पण रिकाम्या हाताने आणि बडबड करायला नको. ती सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत असेल, हजाराचा हिशोब संध्याकाळपर्यंत द्यायचा असतो, तिला थांबवू नका. बाजूला बसा, भिजवलेली पानं हातात द्या. मग तोच प्रश्न विचारा: अडचण पैशाची आहे की माणसांची? पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत होतं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५ हजार आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार मिळतात. अर्ज अंगणवाडी ताई भरून देतात, तुम्ही फक्त आधार आणि पासबुक घेऊन सोबत चला. माणसांची अडचण असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. बाळ सांभाळणं शक्यच नसेल तर बालकल्याण समितीपुढे ते कायदेशीर सुपूर्द करता येतं, आणि आईला विचार बदलायला ६० दिवस मिळतात. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला की रस्ता दाखवतात. एवढं सगळं करूनही ती कदाचित दुसरा निर्णय घेईल. घेतला तरी जाणं थांबवू नका.

गर्भपात करून बसलेली आणि आतून जळणारी बाई आपल्या बाकांवरही असते. तिला वाटतं बिशपांशिवाय क्षमा नाही. तसं नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६पासून प्रत्येक धर्मगुरूला ही क्षमा देण्याचा अधिकार कायमचा दिलाय. ती तयार असली तर मी फादरना आधी फोन करून शनिवारी संध्याकाळची वेळ ठरवते, चर्च रिकामं असतं तेव्हाची. ती आत पापनिवेदनाला जाते, मी मागच्या बाकावर तिची पिशवी सांभाळत बसते. बाहेर आल्यावर काय झालं विचारत नाही. सात रस्त्यापर्यंत रिक्षाने जातो, चहा घेतो, आणि तिला तिच्या बसमध्ये बसवून मी घरी येते.