फर्नेस ऑइलचा टँकर यायच्या आधी

कारखान्यात आंब्याचं कॅनिंग सुरू व्हायला आता थोडेच दिवस राहिलेत, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतोय. गेल्या मे महिन्यात मी बॉयलरमध्ये जाळायचं हे चांगलं तेल टेस्टमध्ये नापास करून टँकर गेटवरून परत पाठवला. दुसरा येईपर्यंत बॉयलर दोन दिवस बंद, आणि क्रेटमधला पिकलेला हापूस देठाकडून काळा पडत गेला, खालच्या थरातून रस गळायला लागला. ते परत बघायचं नाहीये.

म्हणून पहिलं, थर्मामीटर. रेडवूडला, म्हणजे ठरलेलं तेल बारीक भोकातून गळायला किती सेकंद लागतात यावरून तेलाचा जाडपणा मोजायच्या उपकरणाला, दोन लागतात, एक बाहेरच्या पाण्यात आणि एक आतल्या तेलात. माझा तेलातला फुटला होता, पाण्यातला ५० दाखवतोय बघून मी भोक बंद करणारी गोटी उचलली, म्हणजे टेस्ट सुरू केली. पाणी ५० ला होतं, तेल नव्हतं! हे तेल जाड, उष्णता सावकाश घेतं, आणि नुसतं पाच डिग्री मागे राहिलं तरी १८० सेंटीस्टोकचं (हे जाडपणाचं माप) तेल २४० च्या घरात दिसतं. आपण मागवतो त्या एमव्ही२ प्रतीच्या तेलाला ५० डिग्रीला १८० ची मर्यादा आहे, म्हणजे एवढ्याशा चुकीने पास व्हायचं तेल नापास होतं. तेलातला थर्मामीटर नसेल तर टेस्ट करूच नका, उसना आणा.

स्टॉपवॉच, ५० मिलीचा फ्लास्क, हे असतंच. तेल १०० मेशच्या जाळीतून गाळून घ्या, जेटमध्ये, म्हणजे त्या भोकात, कचरा अडकला की सेकंद वाढतात. जेट मऊ कापडाने पुसा, तार घालू नका, भोक खराब झालं की ते उपकरण गेलं. तेल ५० ला आल्यावर फुगून वर येतं, तेव्हा लेव्हल परत खुणेला आणायची, मगच गोटी. रेडवूड नंबर १ वर १८० च्या तेलाला साधारण ७३० सेकंद लागतात, म्हणजे बारा मिनिटं पाणी ढवळत बसायचं. वळवाच्या पावसात नेमकी त्याच वेळी लाईट जाते, त्यामुळे थर्मासमध्ये गरम पाणी हाताशी असू द्या. आणि या बारा मिनिटांत नजर कुठे? तेलातल्या थर्मामीटरवर.

सँपल वरून, मधून आणि तळातून घ्या. ड्रायव्हर घाई करतोच, त्याला चहा द्या आणि टँकर थोडा वेळ उभा राहू दे. तळातलं जास्त महत्त्वाचं, कारण हे तेल वजनाला पाण्याच्या जवळपास असतं, पाणी लवकर खाली बसत नाही आणि काळ्या तेलात डोळ्याला दिसतही नाही. टँकरमध्ये बुडवायच्या डिपच्या काठीला वॉटर पेस्ट (पाणी लागलं की रंग बदलते) लावून जरा जास्त वेळ ठेवा, वर काढल्यावर डिझेलने धुऊन रंग बघा. एक टक्क्याच्या वर पाणी चालत नाही. तेलातलं पाणी उकळून मोजायच्या डीन-स्टार्कच्या कंडेन्सरला मे महिन्यात टाकीचं पाणी कोमट येतं, बर्फ टाका.

सँपलच्या दोन बाटल्या सीलबंद, त्यावर ड्रायव्हरची सही.

फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान, ६६ डिग्रीच्या खाली नको. राख ०.१, गाळ ०.२५ टक्के, हे बाहेरच्या लॅबकडून. डेन्सिटी घेताना तेलाचं तापमान शेजारीच लिहा. नापास आलं तर लगेच फोन करू नका, टेस्ट परत लावा, आणि त्याआधी तेलातला थर्मामीटर बघा. कपाटात एक जादाचा ठेवलाय, डाव्या खणात, कापसात गुंडाळून.