कुंडीतलं लोह-जस्त आणि भाजीच्या पाल्याचं खत

कढीलिंबाची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: झाडाला लोह मिळत नाहीये. मुंबईत नर्सरीतून येणारी लाल माती बहुधा जांभ्याची असते, तिच्यात लोह भरपूर. पण टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी वर्षभर पडलं की मातीचा सामू (pH, आम्ल-अल्कपणाचं माप) चढतो आणि लोह, जस्त, मँगनीज मुळांना उचलता येत नाहीत. मुरलेल्या खतातली सेंद्रिय आम्लं त्यांना विरघळलेलं ठेवतात. खरा फायदा हा.

हे खत घरीच करायला ओला आणि सुका असा दोन्ही कचरा लागतो. ओल्यासाठी मंडईत संध्याकाळी टाकून देतात तो फ्लॉवर-मुळ्याचा पाला, मटारच्या साली, मेथीच्या काड्या. एकाच भाजीवर भागवू नका. पाल्यात जे असतं तेच खतात उतरतं. सुक्यासाठी रसवंतीवरची चिपाडं. ती दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर उरलेल्या रसावर मुंग्यांची रांग लागते. मग बोटभर तुकडे करा. अख्खी चिपाडं महिनोन्‌महिने तशीच राहतात.

५० लिटरच्या ड्रमला बुडाला आणि बाजूंना भोकं पाडून तो विटांवर ठेवा. एक टोपली ओलं, दोन टोपल्या सुकं, वर मूठभर जुनं खत विरजण म्हणून. मूठ आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा इतकीच ओल. दर चार दिवसांनी खालचं वर करा. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर ओलं जास्त झालंय, चिपाडं वाढवा. कुजका वास आला तर हवा कोंडलीय, उपसून मोकळं करा. पावसाळ्यात झाकण हवंच. पाणी शिरलं की पोटॅश आणि बोरॉन धुऊन जातात.

दोन-तीन महिन्यांनी ओलसर मूठभर खत पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर ते कच्चं आहे. कच्चं खत कुंडीतलाच नत्र खातं.

१२ इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी, खोडापासून चार बोटं लांब, वरची माती उकरून मिसळा. सोबत राख घालू नका, तिने सामू आणखी चढतो. हाडांचा चुराही बेताने. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की जस्त अडतं.

तरीही कोवळी पानं पिवळी येत राहिली तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट (लोहाचा क्षार) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) घालून लगेच, ऊन उतरल्यावर फवारा. उरलेलं द्रावण साठवू नका, ते तांबूस होऊन निकामी होतं. आधीच पिवळी पडलेली जुनी पानं बहुधा सावरत नाहीत. नव्या पालवीकडे लक्ष ठेवा.