हरिश्चंद्रगडावरचा मुक्कामी ट्रेक: ठाण्याहून निघणाऱ्या गटांनी या चुका टाळाव्यात

ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्या, कार्यालये आणि महाविद्यालयांचे गट दोन दिवसांच्या पहिल्या ट्रेकसाठी बहुतेक वेळा हरिश्चंद्रगडाची निवड करतात. कल्याण, मुरबाड, माळशेज असा सरळ रस्ता आहे, गडावर स्थानिकांच्या झापांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये, जेवणाची आणि झोपण्याची सोय होते, शिवाय कोकणकड्याचे आकर्षण आहेच. एका दिवसाच्या ट्रेकमध्ये झालेली चूक संध्याकाळी घरी पोहोचल्यावर संपते. मुक्कामी ट्रेकमध्ये मात्र शनिवारी दुपारी भिजलेले मोजे, न प्यालेले पाणी किंवा अपुरी झोप यांची वसुली रविवारी उतरताना होते. म्हणून पुढे ज्या चुकांविषयी लिहिले आहे, त्यांपैकी बऱ्याच चुका पहिल्या दिवशी क्षुल्लक वाटतात.

वाट निवडताना

गडावर जाण्याच्या प्रचलित वाटांपैकी खिरेश्वरची तोलार खिंडीमार्गे जाणारी वाट आणि अकोले तालुक्यातील पाचनईची वाट या दोन वाटांचाच विचार नवख्या गटाने करावा. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट कड्याच्या घळीतून जाते आणि ती प्रस्तरारोहणाचा अनुभव असलेल्यांसाठी आहे. चित्रफीत पाहून ती ठरवू नये. खिरेश्वर ठाण्याहून जवळ म्हणून तीच वाट सोपी, असा समज आढळतो. प्रत्यक्षात प्रवासात वाचलेला वेळ चढाईत खर्च होतो, कारण खिरेश्वरहून चार ते पाच तास लागतात, तर पाचनईहून दोन-अडीच तासांत माथा गाठता येतो. गटात लहान मुले, पन्नाशीपुढची मंडळी किंवा प्रथमच पाठपिशवी घेऊन चढणारे अनेक जण असतील, तर लांबचा प्रवास पत्करून पाचनईच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळेचा हिशेब किलोमीटरवर करणे ही यातलीच दुसरी चूक. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला होता: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. खिरेश्वरची सात-आठ किलोमीटरची वाट आणि सुमारे ७०० मीटरचा चढ या हिशेबाने तीन तासांच्या आत संपायला हवा. परंतु हा ठोकताळा सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. पंधरा जणांच्या गटात कोणाच्या बुटाची नाडी सुटते, कोणाला छायाचित्र काढायचे असते, कोणाला बाजूला जायचे असते, आणि प्रत्येक थांबा सर्वांचाच थांबा होतो. या ठोकताळ्याच्या दीडपट ते पावणेदोनपट वेळ धरला, तरच तो वास्तवाच्या जवळ जातो.

७०० मीटर म्हणजे किती, हे शहरात राहून समजून घ्यायचे असेल, तर तीन मीटरचा एक मजला धरावा. ते दोनशे तीसहून अधिक मजले होतात. घोडबंदर रस्त्यावरच्या वीस मजली इमारतीत राहणाऱ्याने सात-आठ किलोंची पिशवी पाठीवर घेऊन जिना चार-पाच वेळा चढून पाहावा आणि हा प्रयोग आठवड्यातून दोनदा, निदान महिनाभर करावा. येऊरच्या रस्त्यावरची सकाळची फेरी चांगलीच आहे, पण ओझ्यासह पायऱ्या चढण्या-उतरण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

निघण्याची वेळ

शनिवारी सकाळी सातला सर्वांनी जमायचे, प्रत्यक्षात आठला निघायचे, मुरबाडच्या पुढे न्याहारी करायची आणि बारा वाजता खिरेश्वरहून चढायला लागायचे, हा वेळापत्रकाचा अगदी ठरलेला बिघाड आहे. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. वर दिलेल्या पाच तासांत तासाभराची दिरंगाई झाली, की शेवटच्या सात टेकड्या अंधारात ओलांडाव्या लागतात. तिथे पायवाटांचे फाटे आहेत आणि धुके असेल तर दिवसाही दिशा चुकते. रात्रभर प्रवास करून पहाटे चढायला लागणे हा त्यावरचा लोकप्रिय उपाय आहे, परंतु न झोपलेला चालक माळशेजच्या वळणांवर आणि न झोपलेला गट कातळावर, हे दोन्ही धोके मला उशिरापेक्षा मोठे वाटतात. पहाटे साडेचार-पाचला ठाणे सोडणे हा मधला मार्ग आहे, आणि उशिरा येणाऱ्यासाठी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त न थांबण्याचे गटाने आधीच ठरवून ठेवावे. एसटीने जाणाऱ्यांनी कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणाऱ्या गाडीने खुबी फाट्यावर उतरावे, मात्र तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरपर्यंत चालायचा तासाभराचा वेळ हिशेबात धरायला विसरू नये. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद होऊ शकतो, म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी खात्री करून घ्यावी.

गट तुटतो तेव्हा

गटाने केलेल्या चढाईतील सर्वांत घातक चूक कोणती, असे विचारले तर मी गट तुटणे हेच उत्तर देईन. उत्साही चार जण पुढे निघून जातात, झाडाखाली बसून वीस मिनिटे विश्रांती घेतात, आणि मागचे दमलेले दोघे तिथे पोहोचताच ‘चला, सगळे आले’ म्हणत उठतात. अशा रीतीने ज्यांना विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, त्यांनाच ती दिवसभरात एकदाही मिळत नाही. दुपारपर्यंत त्यांचे पाय लटपटू लागतात आणि त्यांच्यात ताकदच नव्हती, असा निष्कर्ष काढला जातो. थांब्याची वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजावी. सर्वांत मंद चालणाऱ्याला रांगेत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवावे, म्हणजे वेग आपोआप त्याच्या बेताने राहतो, आणि सर्वांत अनुभवी व्यक्तीला पुढे न ठेवता शेवटी ठेवावे. वाट माहीत असणारा पुढे हवा, हे खरे. पण अडचण नेहमी मागे उद्भवते. दोघांनाही वाट माहीत नसेल, तर खिरेश्वरहून स्थानिक वाटाड्या घ्यावा. त्याला द्यायचे पैसे गटात वाटले तर माणशी फार थोडे पडतात.

तोलार खिंडीत वाट फुटते. एक कोथळ्याकडे उतरते आणि दुसरी कातळावरून गडाकडे चढते. अशा प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबणे आणि माणसे मोजणे सक्तीचे असावे. खिंडीनंतरच्या कातळावर रेलिंग बसवलेले आहे, त्याच्या आधाराने एका वेळी मोजक्याच लोकांनी चढावे. वर गेल्यावर कोणी हरवल्याचे लक्षात आले, तर सर्वांनी शोधाला पांगू नये. हरवलेल्याने जिथे आहे तिथेच थांबावे, शिट्टीचे तीन सलग आवाज ठरावीक अंतराने द्यावेत, आणि गटातील दोघांनी शेवटच्या फाट्यापर्यंत परत जावे. उरलेल्यांनी एका जागी बसून राहावे.

बुटांचा तळ निखळणे

माथ्यावर पोहोचेपर्यंत कोणाच्या तरी बुटाचा तळ निखळून लोंबतो, आणि तो बूट फारसा वापरलेला नव्हता, म्हणून मालक चकित होतो. बहुतेक वेळा कारण तेच असते. अनेक ट्रेकिंग बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असते आणि हवेतील ओलाव्याने त्याचे हळूहळू विघटन होते. बूट वापरला नाही तरी ही क्रिया थांबत नाही. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत तीन-चार वर्षे कपाटात बंद ठेवलेला बूट वरून नवा आणि आतून भुसभुशीत झालेला असू शकतो. निघण्याच्या आधी आठवडाभर तो रोज घालून चालावे, अंगठ्याने तळाची कड दाबून पाहावी आणि भेगा दिसल्या तर तो बाद करावा. वाटेत तळ निघालाच, तर पावलाच्या पुढच्या भागाला आणि घोट्याजवळ अशी दोन ठिकाणी बारीक दोरी किंवा रुंद चिकटपट्टी गुंडाळावी. चिकटपट्टी गुंडाळीसकट वाहून नेण्याऐवजी पाण्याच्या बाटलीभोवती दोन-तीन मीटर गुंडाळून ठेवली, तर ती हाताशी राहते. पायाची नखे दोन दिवस आधी कापावीत. उतारावर बोटे बुटाच्या टोकाला आदळतात आणि वाढलेले नख काळेनिळे पडते.

पाणी

माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यावे. ते संपल्यावर टाक्यातले पाणी थेट पिणे टाळावे. आधी कापडाने गाळून मग खळखळून एक मिनिट उकळावे. क्लोरीनची गोळी वापरल्यास अर्धा तास थांबावे, आणि गढूळ पाण्यात तिचा परिणाम कमी होतो, हे लक्षात असावे. घाम गाळत असताना नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नव्हे, कारण गेलेले मीठ त्यातून भरून निघत नाही आणि डोकेदुखी, मळमळ सुरू होते. ओआरएसची (जलसंजीवनीची) पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ असू द्यावे. पायात गोळे येऊ लागले, की थांबून स्नायू ताणावा आणि हे मिश्रण घोट-घोट द्यावे. ‘थोडेच राहिले’ म्हणून त्या माणसाला ओढत नेऊ नये.

झापातील मुक्काम

झापाला हॉटेल समजणे ही चूक शहरी गटांकडून सर्रास होते. गडावरील झापांत लागणारे धान्य, सरपण आणि अंथरुणे खालून माणसांनी वाहून आणलेली असतात, त्यामुळे पंधरा जणांची सूचना देऊन तेवीस जणांनी हजर होणे म्हणजे यजमानांच्याच घासाला हात घालणे आहे. चुलीवर एका वेळी एकच भाकरी भाजली जाते. वीस जणांना दोन-दोन भाकऱ्या म्हणजे चाळीस भाकऱ्यांचे काम असते आणि ते ‘लगेच वाढा’ म्हटल्याने उरकत नाही. आठवडाभर आधी दूरध्वनी करून संख्या, पोहोचण्याची वेळ आणि उपवास किंवा कांदा-लसूण यांसारखी पथ्ये सांगावीत, आदल्या दिवशी पुन्हा खात्री करावी आणि हिशेबाचे पैसे रोख न्यावेत, कारण नेटवर्कअभावी मोबाइलवरून पैसे देणे अडते. मावशींनी सारवलेल्या जमिनीवर बूट घालून जाऊ नये, हे सांगावे लागते, याचेच आश्चर्य वाटते.

थंडीचा अंदाज तर हमखास चुकतो. उंचीच्या दर हजार मीटरमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते आणि गड सुमारे १,४०० मीटर उंच आहे. ठाण्यात पहाटे १८ अंश असतील, तर वर ते ९ अंशांच्या आसपास जाऊ शकतात, आणि पठारावरचा वारा त्यात भर घालतो. खरी चूक मात्र जाड स्वेटर न नेणे ही नसते. घामाने भिजलेला सुती बनियन तसाच अंगात ठेवून त्यावर स्वेटर चढवणे ही असते. पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत, अंग गरम असतानाच सर्व कपडे बदलावेत. झोपण्याचा कोरडा जोड आणि मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वेगळे ठेवावेत आणि ते चालण्यासाठी मुळीच वापरू नयेत. अंगाखाली फोमची चटई असावी, कारण थंडी पांघरुणातून जेवढी शिरते, त्याहून अधिक जमिनीतून लागते.

ऊब राहावी म्हणून बंद झापात निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणे प्राणघातक ठरू शकते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नये. विंचवाला असली जागा आवडते. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हालू न देता माणसाला लवकरात लवकर प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

कडा, मधमाश्या आणि मोबाइल

सूर्यास्त पाहायला कोकणकड्यावर गेलेले गट परतताना मोबाइलच्या उजेडावर अवलंबून राहतात. डोक्यावरचा टॉर्च प्रत्येकाकडे स्वतंत्र हवा. कड्याच्या काठापासून दूर राहावे आणि पाहायचेच असेल तर दुसऱ्याने पाय धरून ठेवलेले असताना आडवे होऊन पाहावे. मद्य घेतलेल्याला तिकडे फिरकू देऊ नये. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. माश्या उठल्याच, तर हात न झटकता तोंड-मान झाकून तिथून वेगाने दूर जावे आणि नंतर काटे खरवडून काढावेत.

नेटवर्क शोधण्यात मोबाइलची बॅटरी लवकर संपते, म्हणून तो फ्लाइट मोडवर ठेवावा आणि नकाशा आधीच उतरवून घ्यावा. जाण्याची वाट, झापाच्या यजमानांचा क्रमांक आणि परतीची अपेक्षित वेळ घरच्या एका व्यक्तीकडे लेखी असावी. ११२ आणि १०८ या क्रमांकांबरोबर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांकही नोंदवून न्यावा.

दुसरा दिवस

रविवारी सकाळी केदारेश्वराची लेणी आणि पुष्करणी पाहण्यात गट रमतो, न्याहारी नऊला होते, मग कोणाला तारामती शिखरही करायचे असते, आणि उतराई ऐन उन्हात सुरू होते. तारामतीला जायचे असेल, तर पहाटेच जावे आणि नऊच्या आत गड सोडावा. उतरताना लहान पावले टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि सुट्या दगडांच्या घसाऱ्यावर दोघांत अंतर राखावे. घोटा मुरगळला, पण पायावर भार देता येत असेल, तर बूट काढू नये. सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज आवळावे आणि त्या माणसाची पिशवी इतरांनी वाटून घ्यावी. भार देताच येत नसेल, तर त्याला चालवण्याचा हट्ट न धरता झापातील यजमानांची मदत मागावी.

परतीच्या प्रवासात गाडी चालवणाऱ्याने खिरेश्वरला पोहोचल्यावर निदान अर्धा तास डोळे मिटून पडावे, आणि एसटीने परतणाऱ्यांनी खुबी फाट्यावरून संध्याकाळी कल्याणकडे जाणाऱ्या गाडीची वेळ शनिवारी तिथे एसटीतून उतरतानाच विचारून ठेवावी.