एम्बेडेड शिकायला पहिला बोर्ड: पिको घ्या, आणि दोन घ्या
एम्बेडेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे उपकरणांच्या आतल्या छोट्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिणं, शिकायला स्वस्तातला बोर्ड हवा असेल, तर मी सरळ रास्पबेरी पाय पिको सुचवेन. २०२१ साली तो ४ डॉलरला बाजारात आला. त्यात दोन कोअर आणि २६४ किलोबाइट रॅम आहे. आर्डुइनो उनो आर३ या शिकण्यासाठीच्या दुसऱ्या बोर्डाच्या चिपमध्ये रॅम असते फक्त २ किलोबाइट.

पण माझ्या लेखी खरं कारण आहे डीबगिंग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं. दुसऱ्या पिकोत डीबगप्रोब हे फर्मवेअर (बोर्डाच्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम) टाकलं, की तोच पहिल्याचा डीबगर होतो. मग प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवून रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागेत) त्या क्षणी काय आहे ते बघता येतं. जागोजागी प्रिंट टाकत बसण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं. म्हणून दोन घ्या.

पिना (सेन्सर वगैरे जोडायच्या धातूच्या काड्या) आधीच सोल्डर केलेला ‘पिको एच’ मागा, नाहीतर सोल्डरिंग आलंच. वाय-फाय हवं असेल तर पिको डब्ल्यू. यूएसबी केबल डेटावालीच हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर बोर्ड कॉम्प्युटरला दिसतच नाही. आणि हे नक्की लक्षात ठेवा: पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टचं आउटपुट देणारा सेन्सर थेट जोडू नका.