गाडी फ्लॅटबेडवर बांधताना या चुका टाळा

घाटात गाडी बंद पडली की टोइंगवाला येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. तो फ्लॅटबेड, म्हणजे मागे सपाट फलाट असलेला ट्रक, घेऊन आला की आपण हुश्श करून फोन काढतो आणि घरी कळवत बसतो. खरं तर लक्ष द्यायचं ते तेव्हाच.

सर्रास होणारी चूक म्हणजे बेल्ट किंवा साखळी गाडीच्या बॉडीला नाहीतर खालच्या सस्पेन्शनच्या आर्मला अडकवणं. गाडी स्प्रिंगवर उभी असते. बॉडी बांधली, की प्रत्येक खड्ड्यात ती दबते, बेल्ट ढिला पडतो आणि वर उसळताना हुकाला झटका बसतो. मुंबई-गोवा हायवेवर असे झटके किती बसतील, ते तुम्हीच बघा. साखळी टाय रॉडला, म्हणजे स्टिअरिंगने चाकं वळवणाऱ्या दांड्याला, लावली असेल तर तो वाकतो आणि अलाइनमेंटचा खर्च वर. म्हणून बेल्ट टायरवरूनच घ्यायला सांगा. सस्पेन्शन वरखाली झालं तरी टायर जागचा हलत नाही. आणि बांधायची चारही चाकं. "पुढची दोन बास झाली, साहेब" हे ऐकून घेऊ नका.

बेल्ट आवळणाऱ्या रॅचेटकडे जरा वाकून बघा. आधी पट्टा हाताने ओढून ताठ करायचा, मगच हँडल मारायचं. मधल्या दांड्यावर निदान दोन वेढे हवेत, नाहीतर पट्टा घसरतो; भारंभार वेढे झाले की रॅचेट जाम होतं. शेवटी हँडल पूर्ण मिटवून लॉक. पट्ट्याची कड विरलेली असेल किंवा तो पत्र्याच्या धारेवर घासत असेल तर सरळ बदलायला सांगा. लेबलवर दोन आकडे असले तर हिशोब कामाच्या भाराचा धरायचा, तुटण्याच्या भाराचा नाही.

विंच म्हणजे ट्रकवरचा वायर गुंडाळणारा रहाट; त्याची वायर गाडी वर ओढायला असते, बांधायला नाही. ती वायर गाडीला जिथे अडकवतात, त्या टो हुकाचंही तेच. तो डिकीतल्या टूलकिटमध्ये सापडेल, बंपरवरचं छोटं झाकण काढून शेवटपर्यंत पिळायचा. फिरतच नसेल तर जोर करू नका, काही गाड्यांत आटे उलटे असतात.

बॅटरी उतरलेली ऑटोमॅटिक गाडी 'पी'मधून (पार्किंग) निघत नसेल, तर अनेक मॉडेल्समध्ये गिअरच्या दांड्याजवळ शिफ्ट लॉक सोडायची सोय असते. मॅन्युअल बघा, चाकं फरफटवू नका. इलेक्ट्रिक गाडीची मोटरला जोडलेली चाकं तर रस्त्यावर फिरूच द्यायची नाहीत. ती फिरली की मोटर वीज तयार करायला लागते.

गाडी चढली की हँडब्रेक ओढा, काचा वर करा, चारही बाजूंनी फोटो काढा. आत कुणीही बसायचं नाही, पाऊस असला तरी. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये एकदा थांबवून बेल्ट पुन्हा आवळून घ्या, पट्टे सुरुवातीलाच बसतात आणि सैल होतात.

उतरवतानाही घाई नको: आधी विंचची वायर लावायची, ती ताणून घ्यायची, मग बेल्ट सोडायचे.