आधी कीटो, मग फास्टिंग

वजन उतरवायला कीटो (कर्बोदकं अगदी कमी, स्निग्ध पदार्थ जास्त असा आहार) आणि फास्टिंग (दिवसातले ठरावीक तासच खाणं, बाकी वेळ उपवास) दोन्ही करायचं असेल, तर एकाच दिवशी सुरू करू नका. एकदम सुरू केलं की चार दिवसांत डोकं दुखायला लागतं, पायात गोळे येतात आणि त्रास नक्की कशाचा, तेच कळत नाही. पहिले दोन-तीन आठवडे फक्त कीटो. जेवणाच्या वेळा नेहमीच्याच.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांकडून डोस ठरवून घेतल्याशिवाय सुरुवात नको, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचण्याची जीवघेणी अवस्था) होऊ शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, किडनीचे रुग्ण, खाण्याचा विकार होऊन गेलेले, यांनी या वाटेला जाऊच नये.

कर्बोदकं दिवसाला 20 ते 30 ग्रॅम. प्रथिनं वजनाच्या किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 85 ते 105. उरलेली भूक स्निग्ध पदार्थांनी भागवायची, पण भूक असेल तेवढीच. गल्लत नेमकी इथे होते. कीटोत लोणी-चीज हवं तेवढं चालतं, हा गैरसमज आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. ताटातली चरबीच पुरली, तर अंगावरची कशाला जळेल?

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले तर हुरळून जाऊ नका. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेच बाहेर पडतं. इन्सुलिन कमी झालं की किडनी सोडियमही जास्त टाकते. डोकेदुखी आणि गळाठा येतो तो बहुतेक यामुळेच. रक्तदाब जास्त नसेल तर दिवसातून एक-दोनदा गरम पाण्यात पाव चमचा मीठ घालून प्यावं.

भूक आपोआप मंदावली, की फास्टिंग. पहिला आठवडा रोज 12 तास उपवास, दुसरा 14, मग 16. उदाहरणार्थ, सकाळी 11 ते संध्याकाळी 7 एवढ्यातच खायचं. दोन जेवणं बसतात, प्रत्येकात 40 ते 50 ग्रॅम प्रथिनं हवीत: तीन अंडी, 100 ग्रॅम शिजवलेला मासा आणि तेलावर परतलेली पालेभाजी घेतली की चाळिशी गाठली. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून आठवड्यातून दोनदा वजनं उचलावीत.

उपवासात पाणी, कोरा चहा, काळी कॉफी. लोणी घातलेली कॉफी म्हणजे उपवास नव्हे, ते पातळ जेवण आहे.

काटा तीन आठवडे हललाच नाही, तर आधी सुकामेवा तोलून पाहा. 30 ग्रॅम काजूत सुमारे 9 ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि येता-जाता तोंडात टाकलेली मूठ कुणी मोजत नाही. लघवीतले कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) दाखवणाऱ्या पट्ट्यांवर विसंबू नका. काही आठवड्यांनी कीटोसिस (शरीर मुख्यतः चरबीवर चालणं) चालू असतानाही त्यांचा रंग फिका पडू शकतो. उलट्या, छातीत धडधड किंवा उठताना अंधारी आली तर उपवास तिथेच सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.